अमेरिकेच्या अध्यक्षीय प्रायमरीत डेलिगेट कसे वाटले जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर चार वर्षांनी अमेरिकेत प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानाचा, हंगाम सुरू झाला की मराठी वाहिन्यांवर आणि व्हॉट्सअॅप गटांत निकाल फिरू लागतात. आयोवा अमक्यानं जिंकलं, न्यू हॅम्पशायर तमक्यानं. पण पक्षाची उमेदवारी राज्यं जिंकून मिळत नाही. ती मिळते डेलिगेटच्या बहुमतानं. मतांवरून डेलिगेट काढायचे नियम दोन्ही पक्षांत वेगळे आहेत, आणि रिपब्लिकन पक्षात तर ते राज्यागणिक बदलतात. ते माहीत नसले तर निकालाची अख्खी रात्र जागूनही नेमकं कोण पुढे गेलं ते उमगत नाही. म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. नुसत्या नियमापेक्षा हिशेब लवकर कळतो, त्यामुळे उदाहरणं खऱ्या निवडणुकांतलीच दिली आहेत.

डेलिगेट म्हणजे नेमकं कोण?

पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात आपल्या राज्याच्या वतीनं मत देणारी व्यक्ती. ही माणसं बहुतेक वेळा पक्षाचे कार्यकर्ते असतात: कुणी काउंटीचा पक्षाध्यक्ष, कुणी कामगार संघटनेत काम करणारी, कुणी शिक्षक, कुणी कॉलेजात शिकणारा विद्यार्थी. यातले बहुतेक जण विशिष्ट उमेदवाराला मत द्यायला बांधील असतात.

२०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे एकूण २,४२९ डेलिगेट होते आणि उमेदवारीसाठी १,२१५ लागत होते. डेमोक्रॅटिक पक्षाचा आकडा मोठा असतो. २०२० मध्ये त्यांचे नुसते बांधील डेलिगेटच ३,९७९ होते.

नोव्हेंबरमधल्या इलेक्टोरल कॉलेजशी यांचा काही संबंध?

नाही. इलेक्टोरल कॉलेजचे ५३८ इलेक्टर राज्यघटनेनुसार अध्यक्ष निवडतात. डेलिगेट ही पक्षांची अंतर्गत व्यवस्था आहे आणि राज्यघटनेत तिचा उल्लेखही नाही. म्हणूनच ग्वाम, प्युर्टो रिको, अमेरिकन सामोआ अशा प्रदेशांना नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदासाठी मत देता येत नसलं, तरी ते प्रायमरीत भाग घेतात आणि अधिवेशनाला डेलिगेट पाठवतात.

प्रायमरी सरकार घेतं की पक्ष?

सर्वसाधारणपणे प्रायमरी राज्याची निवडणूक यंत्रणा घेते आणि कॉकस, म्हणजे सभा भरवून घेतलेलं मतदान, पक्ष स्वतः घेतो. पण मतदान कुणीही घेतलं तरी त्या मतांचे डेलिगेट कसे करायचे, किंवा मुळात करायचे की नाही, हे पक्ष ठरवतो.

नेवाडात २०२४ मध्ये हे अगदी लख्ख दिसलं. राज्याच्या कायद्यानुसार ६ फेब्रुवारीला रिपब्लिकन प्रायमरी झाली. राज्यातल्या पक्षानं मात्र जाहीर केलं होतं की आमचे डेलिगेट ८ तारखेच्या कॉकसमधूनच ठरतील. निकी हेली प्रायमरीत उतरल्या, ट्रम्प कॉकसमध्ये. प्रायमरीत हेलींना सुमारे ३० टक्के मतं पडली आणि ‘यांपैकी कुणीही नाही’ या पर्यायाला ६३ टक्के. बातम्या सगळ्या त्या मानहानीच्या झाल्या. पण हेली तिथे जिंकल्या असत्या तरी त्यांच्या खात्यात एकही डेलिगेट पडला नसता. दोन दिवसांनी कॉकस झाला आणि नेवाडाचे सगळे २६ डेलिगेट ट्रम्प यांना गेले.

कोणत्या राज्याला किती डेलिगेट मिळतात?

रिपब्लिकनांचं गणित सोपं आहे. प्रत्येक राज्याला राज्यभरासाठी १०, काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) प्रत्येक मतदारसंघामागे ३, आणि राष्ट्रीय समितीवरचे त्या राज्याचे ३ सदस्य. कॅलिफोर्नियाचं पाहा: १० अधिक ५२ मतदारसंघांचे १५६ अधिक ३, म्हणजे १६९. ज्या राज्यानं मागच्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवाराला निवडलं, जिथे गव्हर्नर किंवा सिनेटर त्या पक्षाचे आहेत, त्यांना वर बोनस मिळतो. कॅलिफोर्नियाच्या वाट्याला असा बोनस आला नाही, म्हणून २०२४ मध्ये त्यांचा आकडा नेमका १६९ होता.

डेमोक्रॅट दोन गोष्टींची सरासरी काढतात. एक, गेल्या तीन अध्यक्षीय निवडणुकांत देशभरातल्या डेमोक्रॅटिक मतांत त्या राज्याचा वाटा किती होता. दोन, ५३८ इलेक्टोरल मतांत त्याचा वाटा किती. पक्षाचा जोर जिथे जास्त, तिथे डेलिगेट जास्त. मतदान उशिरा ठेवणाऱ्या आणि शेजारच्या राज्यांसोबत एकाच दिवशी घेणाऱ्या राज्यांनाही बोनस असतो, म्हणजे सगळ्यांनीच कॅलेंडरच्या सुरुवातीला गर्दी करू नये.

डेमोक्रॅटिक पक्षात मतांचे डेलिगेट कसे होतात?

प्रमाणानुसार, आणि सगळ्या राज्यांत एकाच नियमानं. किमान १५ टक्के मतं मिळवणाऱ्या उमेदवारांतच वाटप होतं. मात्र हे वाटप एका फटक्यात होत नाही, तीन वेगवेगळ्या ढिगांत होतं. राज्याच्या मूळ संख्येपैकी तीन चतुर्थांश डेलिगेट मतदारसंघांत वाटले जातात. उरलेला चतुर्थांश राज्यभराचा. शिवाय मूळ संख्येच्या १५ टक्के जागा पक्षाच्या नेत्यांसाठी आणि लोकप्रतिनिधींसाठी वेगळ्या असतात आणि त्याही राज्यभरातल्या मतांवरूनच वाटतात.

न्यू हॅम्पशायर २०२० घेऊ, कारण राज्य लहान आहे आणि हिशेब कागदावर मावतो. बांधील डेलिगेट २४. मूळ संख्या २१: त्यातले १६ दोन मतदारसंघांचे (प्रत्येकी ८), ५ राज्यभराचे. २१ चे १५ टक्के म्हणजे आणखी ३.

निकाल असा होता: सँडर्स २५.६ टक्के, बुटिजेज २४.३, क्लोबुशार १९.७, वॉरन ९.२, बायडन ८.४. वॉरन आणि बायडन १५ च्या खाली, म्हणून हिशेबाबाहेर. उरलेल्या तिघांची बेरीज ६९.६. आता हेच शंभर टक्के धरायचे. सँडर्स यांचा वाटा होतो ३६.८ टक्के, बुटिजेज यांचा ३४.९, क्लोबुशार यांचा २८.३.

राज्यभराच्या ५ जागांत सँडर्स यांना १.८४, बुटिजेज यांना १.७५ आणि क्लोबुशार यांना १.४१ येतात. आधी पूर्णांक द्यायचे, म्हणजे प्रत्येकी १. उरल्या दोन जागा. त्या ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना, म्हणजे सँडर्स आणि बुटिजेज. झाले २, २, १. नेत्यांच्या ३ जागा १, १, १ अशा गेल्या. मतदारसंघांत तिथल्या तिथल्या मतांवर हीच रीत लावली, आणि दोन्हीकडे ३, ३, २ असं आलं. एकूण सँडर्स ९, बुटिजेज ९, क्लोबुशार ६.

सँडर्स यांनी राज्य जवळपास चार हजार मतांनी जिंकलं, पण बुटिजेज यांच्या पुढे ते एका डेलिगेटनंही गेले नाहीत. त्या रात्री वाहिन्यांवर ‘विजेता’ म्हणून एकच चेहरा होता.

१५ टक्क्यांच्या खाली राहिलेल्यांची मतं वाया जातात?

डेलिगेटच्या हिशेबात, हो. न्यू हॅम्पशायरच्या त्या प्रायमरीत सुमारे तीस टक्के मतदारांच्या मतांतून एकही डेलिगेट निघाला नाही. माझ्या मते पंधराची अट कडक आहे. पाच-सहा उमेदवार रिंगणात असताना तिनं मतदाराच्या पदरी फारच कमी पडतं. पक्षाचं म्हणणं असं की अट नसेल तर डेलिगेट डझनभर लोकांत विखुरतील आणि अधिवेशनात बहुमतच होणार नाही. त्यात तथ्य आहे, पण दहा टक्क्यांवरही ते साधलं असतं असं मला वाटतं.

मात्र ही अट राज्यभर वेगळी आणि प्रत्येक मतदारसंघात वेगळी लागते, हे विसरू नका. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात एलिझाबेथ वॉरन यांना राज्यभरात सुमारे १३ टक्केच मतं मिळाली, म्हणून राज्यभराच्या ढिगातून काही नाही. पण काही मतदारसंघांत त्या १५ च्या वर होत्या, तिथून त्यांना ११ डेलिगेट मिळाले. मिशिगनमध्ये २०२४ साली गाझाच्या प्रश्नावर नाराज मतदारांनी ‘अनकमिटेड’ (कुणालाच बांधील नाही) हा पर्याय निवडला. राज्यात तो सुमारे १३ टक्क्यांवर थांबला, पण दोन मतदारसंघांत १५ ओलांडून त्यानं २ डेलिगेट मिळवले. उरलेले ११५ बायडन यांचे. मिनेसोटात त्याच पर्यायाला जवळपास १९ टक्के पडले आणि ११ डेलिगेट मिळाले.

दणदणीत जिंकूनही डेलिगेट निम्मेच का?

या प्रश्नाचं उत्तर सम आणि विषम संख्येत आहे. वर्तमानपत्रांत याबद्दल क्वचितच वाचायला मिळतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा एका मतदारसंघात ४ डेलिगेट आहेत आणि लढत दोघांत आहे. एकाला ६२ टक्के, दुसऱ्याला ३८. पहिल्याचा वाटा २.४८, दुसऱ्याचा १.५२. पूर्णांक दिले: २ आणि १. उरलेली एक जागा मोठ्या अपूर्णांकाला, म्हणजे हरलेल्याला! निकाल २–२. चोवीस टक्क्यांच्या आघाडीचा शून्य फायदा. ३–१ करायला साडेबासष्ट टक्क्यांच्या वर जावं लागतं. आता शेजारच्या मतदारसंघात ५ डेलिगेट आहेत आणि निकाल ५१–४९. वाटे २.५५ आणि २.४५, निकाल ३–२. इथे दोन टक्क्यांच्या आघाडीनं एक जादा डेलिगेट दिला.

म्हणून जाणते प्रचारप्रमुख पैसा आणि माणसं विषम संख्येच्या मतदारसंघांत लावतात. २००८ मध्ये ओबामांच्या चमूनं हे पक्कं ओळखलं होतं. नेवाडाच्या कॉकसमध्ये हिलरी क्लिंटन ५१ विरुद्ध ४५ अशा जिंकल्या, पण लास व्हेगासबाहेरच्या उत्तरेकडच्या भागातल्या आघाडीनं ओबामांना डेलिगेट १३ विरुद्ध १२ असे जास्त मिळवून दिले.

सगळ्यात छोटं उदाहरण अमेरिकन सामोआचं. ५ मार्च २०२४ ला तिथल्या डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये एकूण ९१ जणांनी मतदान केलं. जेसन पामर या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या उद्योजकाला ५१, विद्यमान अध्यक्ष बायडन यांना ४०. ‘बायडन हरले’ ही बातमी जगभर गेली. डेलिगेट ६ होते. पामर यांचा वाटा ३.३६, बायडन यांचा २.६४. मिळाले ३ आणि ३.

रिपब्लिकन पक्षात काय नियम आहे?

एकच एक नियम नाही. राष्ट्रीय समिती चौकट देते आणि आतलं राज्यं ठरवतात. गेल्या काही निवडणुकांत चौकटीचा मुख्य खांब म्हणजे १५ मार्च ही तारीख. त्याआधी मतदान घेणाऱ्या राज्यांनी काही ना काही प्रमाणात वाटप करायचं. त्या दिवसापासून पुढे ‘जिंकेल त्याला सगळे’ चालतं. प्रमाणात वाटणाऱ्या राज्यांनाही किमान मतांची अट २० टक्क्यांपर्यंत ठेवता येते, आणि कुणी ५० टक्के ओलांडले तर त्याला सगळे डेलिगेट देता येतात. कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये हेच केलं, आणि ट्रम्प पन्नाशीच्या बरेच वर गेल्यानं १६९ च्या १६९ त्यांचे झाले.

त्यामुळे एकाच वर्षी, एकाच पक्षात, अशी टोकं दिसतात. २०१६ मध्ये आयोवात शुद्ध प्रमाण होतं, किमान अट नव्हती. क्रूझ २७.६ टक्क्यांवर ८ डेलिगेट, ट्रम्प आणि रुबिओ प्रत्येकी ७, आणि दोन-तीन टक्के मिळवणाऱ्यांनाही एकेक. तीन आठवड्यांनी साउथ कॅरोलायनात राज्यभराचे २९ डेलिगेट राज्य जिंकणाऱ्याला आणि सात मतदारसंघांचे प्रत्येकी ३ तिथे जिंकणाऱ्याला, असा नियम होता. सुरुवातीच्या राज्यांना तेव्हा प्रमाणाच्या अटीतून सूट होती. ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं पडली आणि ते सातही मतदारसंघांत पहिले आले. सगळे ५० डेलिगेट त्यांना गेले. ६७ टक्क्यांहून अधिक मतदारांनी दुसऱ्या कुणाला पसंती दिली होती. त्यांच्या वाट्याला शून्य.

१५ मार्चला फ्लोरिडानं ९९ डेलिगेट एकगठ्ठा ट्रम्प यांना दिले, तेही ४५.७ टक्क्यांवर. त्याच दिवशी ओहायोचे ६६ तसेच एकगठ्ठा केसिक यांना गेले.

मग कोणती पद्धत बरी?

रिपब्लिकन पद्धतीत निकाल लवकर लागतो आणि पक्ष लवकर एका माणसामागे उभा राहतो. प्रमाणाच्या पद्धतीत लढत जूनपर्यंत खेचते; २००८ मध्ये ओबामा आणि क्लिंटन यांची खेचलीच. तरीही मला प्रमाणाची पद्धत न्याय्य वाटते. तिसऱ्या हिश्श्याच्या मतांवर सगळेच्या सगळे डेलिगेट देणं म्हणजे विरोधक आपसांत विभागले गेल्याचं बक्षीस देणं आहे. २०१६ मध्ये ट्रम्प यांना सगळ्या प्रायमरी मिळून साधारण ४५ टक्के मतं होती, आणि अधिवेशनाआधीच डेलिगेटचं स्पष्ट बहुमतही होतं. यात त्यांनी काहीच वावगं केलं नाही. नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होते आणि प्रतिस्पर्धी वेळेत एकत्र आले नाहीत.

मतं एकाला जास्त आणि डेलिगेट दुसऱ्याला, असं होऊ शकतं?

होतं. २००८ मध्ये टेक्सासात डेमोक्रॅट दिवसा प्रायमरी आणि रात्री कॉकस घेत. १२६ डेलिगेट प्रायमरीतून, ६७ कॉकसमधून. प्रायमरी क्लिंटन जिंकल्या आणि त्यांना ६५ विरुद्ध ६१ मिळाले. कॉकसमध्ये ओबामांनी ३८ विरुद्ध २९ अशी बाजी मारली. बेरीज: ओबामा ९९, क्लिंटन ९४. पुढे पक्षानं ही दुहेरी पद्धत बंद केली, आणि ते योग्यच झालं. दिवसा मत देऊन कामाच्या पाळीवर गेलेल्या माणसाला रात्री पुन्हा तासन्‌तास बसायला सांगणं बरोबर नव्हतं.

डेलिगेटची संख्या ठरली, पण माणसं कोण ठरवतं?

संख्या ठरणं आणि माणसं निवडणं या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, आणि बातम्यांत त्यांची कायम सरमिसळ होते. प्रायमरीनं सांगितलं की अमक्याचे ९ डेलिगेट. ते ९ जण कोण, हे बऱ्याच राज्यांत आठवड्यांनंतर मतदारसंघाच्या किंवा राज्याच्या पक्ष-अधिवेशनात ठरतं. डेमोक्रॅटिक पक्षात उमेदवाराला आपल्या यादीतून नको ती नावं कापता येतात, त्यामुळे माणसं बहुधा त्याचीच असतात. रिपब्लिकन पक्षात तशी खात्री नाही.

आयोवा २०१२ हे याचं सगळ्यात बोलकं प्रकरण. कॉकसच्या रात्री मिट रॉमनी ८ मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं. सोळा-सतरा दिवसांनी पक्की मोजणी आली तेव्हा रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे. तिसरे होते रॉन पॉल. पण ते मतदान डेलिगेटना बांधणारं नव्हतंच. कॉकस आटोपल्यावर बाकीचे घरी गेले, पॉल यांचे कार्यकर्ते थांबले, काउंटीच्या आणि मग राज्याच्या अधिवेशनांत निवडून येत गेले. शेवटी राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाच्या २८ पैकी २२ डेलिगेटनी रॉन पॉल यांना मत दिलं. त्यानंतर पक्षानं असं मतदान झालं की डेलिगेट बांधील राहतील असा नियम केला.

इलिनॉयमध्ये रिपब्लिकन मतदार डेलिगेटांच्या नावांवरच शिक्का मारत. नावापुढे तो कोणत्या उमेदवाराचा हे लिहिलेलं असे. २०१६ मध्ये त्याच उमेदवाराच्या इतर डेलिगेटपेक्षा परकी वाटणाऱ्या नावांच्या डेलिगेटना कमी मतं पडल्याचं दिसलं. आपल्यापैकी कुणी तिथल्या राजकारणात उतरत असेल तर हे माहीत असलेलं बरं.

सुपरडेलिगेट कोण असतात?

डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार, गव्हर्नर, राष्ट्रीय समितीचे सदस्य, माजी अध्यक्ष वगैरे. प्रायमरीच्या निकालाशी ते बांधील नसतात. ही सोय १९८० च्या पराभवानंतर ठरली आणि १९८४ पासून लागू झाली. लोकांनी निवडणुकीत न टिकणारा उमेदवार दिला तर अनुभवी मंडळींच्या हाती काही असावं, असा विचार होता. २०१६ मध्ये मतदान सुरू होण्याआधीच शेकडो सुपरडेलिगेट क्लिंटन यांच्या बाजूनं मोजले जाऊ लागले आणि सँडर्स समर्थकांचा संताप झाला. तो रास्त होता. २०१८ मध्ये नियम बदलला: पहिल्या फेरीत निकाल त्यांच्या मतांवर अवलंबून असेल तर त्यांना मत नाही. दुसरी फेरी झाली तर ते मतदान करू शकतात.

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातून डेमोक्रॅटिक पक्षातर्फे काँग्रेसवर निवडून आले. २०२४ च्या अधिवेशनात खासदार या नात्यानं तेही याच वर्गात मोडत होते.

एवढी गुंतागुंत आली कुठून?

१९६८ पासून. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं होतं. मार्चअखेर अध्यक्ष जॉन्सन यांनी माघार घेतली, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ह्यूबर्ट हम्फ्री यांना, ज्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. तेव्हा बहुतेक डेलिगेट राज्यातले पुढारीच ठरवत. बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या चालत होत्या आणि आत मतदान चाललं होतं. हम्फ्री नोव्हेंबरमध्ये निक्सन यांच्याकडून हरले.

त्यानंतर नेमलेल्या मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगानं डेलिगेट निवडीची दारं सामान्य सभासदांसाठी उघडली. राज्यांना प्रायमरी घेणं सोयीचं वाटू लागलं आणि त्यांची संख्या झपाट्यानं वाढली. रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेनं ओढला गेला. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात मात्र अजून ‘जिंकेल त्याला सगळे’ होतं. आता स्वतः उमेदवार असलेल्या मॅकगव्हर्न यांनी साडेत्रेचाळीस टक्क्यांवर सगळे २७१ डेलिगेट घेतले, विरोधकांनी ते तोडायचा प्रयत्न केला आणि वाद अधिवेशनाच्या सभागृहापर्यंत गेला. मग टप्प्याटप्प्यानं प्रमाणाची पद्धत आली आणि १९९२ पासून ती सर्व राज्यांत सक्तीची झाली.

घाई करून लवकर मतदान घेतलं तर?

शिक्षा होते, डेलिगेट कापून. २००८ मध्ये मिशिगन आणि फ्लोरिडानं डेमोक्रॅटिक पक्षाचं वेळापत्रक मोडलं, तेव्हा आधी त्यांचे सगळेच डेलिगेट रद्द झाले. मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचं नावही नव्हतं. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी तडजोड झाली: प्रत्येक डेलिगेटला अर्धं मत. अधिवेशनात शेवटी पूर्ण मत परत दिलं, कारण तोवर निकाल लागला होता. फ्लोरिडाच्या रिपब्लिकनांनी २०१२ मध्ये हेच केलं आणि त्यांचे ९९ डेलिगेट ५० वर आले.

उमेदवारानं माघार घेतली तर त्याच्या डेलिगेटचं काय?

माघार घेतली तर काही डेलिगेट हातचे जाऊ शकतात, म्हणूनच उमेदवार ‘मोहीम स्थगित करतो’ असं म्हणतात. डेमोक्रॅटिक नियमांत मतदारसंघांत मिळालेले डेलिगेट त्याच्याकडे राहतात, पण माणसं निवडायच्या वेळी तो रिंगणात नसेल तर राज्यभराच्या जागा उरलेल्या उमेदवारांना जाऊ शकतात. रिपब्लिकन पक्षात राज्याराज्याचा नियम वेगळा.

२०२४ चा प्रसंग वेगळाच होता. बायडन यांच्याकडे जवळपास सगळे डेलिगेट होते आणि २१ जुलैला ते बाजूला झाले. डेलिगेट ही वारशानं द्यायची मालमत्ता नाही. ते मोकळे झाले. पण दोनच दिवसांत बहुसंख्यांनी कमला हॅरिस यांना पाठिंबा जाहीर केला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मतदानात सुमारे ९९ टक्के मतं त्यांना पडली.

बांधील डेलिगेट ऐनवेळी फिरू शकतो का?

रिपब्लिकन पक्षात जवळजवळ नाही. त्यानं वेगळं नाव पुकारलं तरी नोंद नियमाप्रमाणे बांधील मताचीच होते. डेमोक्रॅटिक नियम मात्र एवढंच म्हणतो की डेलिगेटनं आपल्याला निवडणाऱ्यांच्या भावना सदसद्विवेकबुद्धीनं मांडाव्यात. १९८० मध्ये कार्टर यांच्या बाजूनं डेलिगेटना घट्ट बांधणारा नियम होता. टेड केनेडी यांनी तो अधिवेशनात बदलायचा प्रयत्न केला आणि ते हरले. पुढे सैल शब्दरचना आली. प्रत्यक्षात फितुरी दुर्मीळच, कारण यादीतली माणसं उमेदवारानं पारखून घेतलेली असतात.

पहिल्या फेरीत कुणालाच बहुमत नसेल तर?

पुन्हा मतदान, आणि फेरीगणिक जास्त डेलिगेट मोकळे होत जातात. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला डेमोक्रॅटांना १०३ फेऱ्या लागल्या. एकाहून जास्त फेऱ्या लागण्याची शेवटची वेळ १९५२ ची, तेव्हा स्टीव्हन्सन तिसऱ्या फेरीत निवडले गेले. १९७६ मध्ये फोर्ड आणि रेगन अगदी जवळ आले होते, ११८७ विरुद्ध १०७०, पण निकाल पहिल्याच फेरीत लागला.

निकालाच्या रात्री नेमकं काय पाहायचं?

रंगवलेला नकाशा बाजूला ठेवा. आधी त्या राज्याचा नियम शोधा: प्रमाण की एकगठ्ठा, किमान अट किती. मग फरक पाहा. डेमोक्रॅटिक लढतीत दहा राज्यं निसटती जिंकण्यापेक्षा एक मोठं राज्य तीस टक्क्यांनी जिंकणं जास्त देऊन जातं. आणि एकदा कुणी प्रमाणाच्या पद्धतीत दीडशे-दोनशेची आघाडी घेतली की ती तोडायला पुढची राज्यं नुसती जिंकून भागत नाही, मोठ्या फरकानं जिंकावी लागतात. २००८ मध्ये क्लिंटन मार्चपासून ओहायो, पेन्सिल्व्हेनिया जिंकत राहिल्या, पण त्यांची पिछाडी भरून निघाली नाही.

आम्ही एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर आहोत. आम्हाला प्रायमरीत मत आहे?

नाही. मतदान नागरिकांनाच. शिवाय नागरिक झाल्यावरही आपल्या राज्याचा नियम पाहावा. फ्लोरिडात पक्षाकडे नोंद असलेल्यांनाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. टेक्सासात पक्षनोंदणीच नाही, कोणती मतपत्रिका घ्यायची ते त्या दिवशी ठरवता येतं. न्यू जर्सीत, जिथे आपली वस्ती मोठी आहे, कुठल्याच पक्षात नोंद नसलेला मतदार मतदान केंद्रावर पक्ष निवडू शकतो, पण नंतर तो त्या पक्षाचा म्हणून नोंदला जातो.

आम्ही अमेरिकन नागरिक आहोत, पण आता पुण्यात राहतो. आमचं काय?

आपल्या शेवटच्या वास्तव्याच्या राज्याकडून टपाली मतपत्रिका मागवून तिथल्या प्रायमरीत मत देता येतं. डेमोक्रॅटांसाठी दुसरा मार्गही आहे. ‘डेमोक्रॅट्स अब्रॉड’ ही पक्षाची परदेशातली शाखा एका राज्यासारखी धरली जाते, स्वतःची प्रायमरी घेते आणि तिचे स्वतःचे डेलिगेट असतात. २०२० मध्ये असे १३ बांधील डेलिगेट होते. रिपब्लिकन पक्षात अशी सोय नाही. अध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी दोन्हीकडे मत देता येत नाही, एकच मार्ग निवडावा लागतो. नोव्हेंबरच्या मतदानाला ही शाखा चालत नाही. त्यासाठी राज्याकडे वेगळा अर्ज करायचा, आणि तो दर निवडणूक-वर्षाच्या सुरुवातीलाच केलेला बरा, कारण मतपत्रिका यायला-जायला वेळ लागतो.